किचनर मुलांना शिकवायचा कसा?

माझ्या बहिणीची नात इंग्लंडमध्ये लीड्सला शाळेत आहे. मागच्या वर्षी तिने व्हिडिओ कॉलवर मला एक पोस्टर दाखवलं, भरघोस मिशांचा, लष्करी टोपीतला माणूस आणि बोट सरळ आपल्याकडे रोखलेलं. शाळेत पहिलं महायुद्ध चालू होतं, या चित्रावर एक पान लिहून न्यायचं होतं. तिने विचारलं, "मावशीआजी, हा माणूस चांगला होता का वाईट?" मी नाशिकला अकरावी-बारावीला इतिहास शिकवते, बरीच वर्षं झाली, तरी मला पटकन उत्तर देता आलं नाही. मग तिला म्हटलं की थांब, चार दिवस दे मला, नीट सांगते. त्या चार दिवसांत जे जमवलं आणि नंतर माझ्या वर्गातही वापरलं ते इथे लिहितेय, इतिहास शिकवणाऱ्यांना उपयोगी पडेल आणि घरी मुलांनी विचारलं तर आईवडिलांनाही.

त्या माणसाचं नाव होरेशियो हर्बर्ट किचनर. आपल्या मुलांना तो एका ओळीपुरता माहीत असतो, 'कर्झन-किचनर वाद, १९०५', एमपीएससीच्या पुस्तकात असतो तसा. ब्रिटनमधल्या मुलांना तो पोस्टरवाला. सुदानमध्ये तो खार्टूम जिंकणारा, आणि दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांच्या घरांत त्याचं नाव निघतं ते जाळलेल्या शेतांसाठी आणि छावण्यांत मेलेल्या मुलांसाठी. एकच माणूस आणि चार देशांत चार गोष्टी, आणि प्रत्येक देशातलं मूल फक्त आपल्या वाट्याची गोष्ट शिकतं. शिकवण्यातली पहिली अडचण ही आहे असं मला वाटतं, म्हणून मी चारही गोष्टी एकाच फळ्यावर लिहिते आणि मग विचारते, यात सारखं काय आहे?

मला त्यात जे सारखं दिसतं ते आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. किचनर हा हिशेबी माणूस होता. मूळचा इंजिनिअर, सर्व्हेवाला. रेल्वेचे रूळ किती लागतील, पाणी किती, किती तार, किती बैलगाड्या, हे त्याच्याइतकं पक्कं फार थोड्या सेनापतींना जमायचं. त्याचा पराक्रम या हिशेबातून आला आणि त्याच्या हातून झालेलं सगळ्यात भयंकर कामही या हिशेबातूनच आलं, कारण वहीत ज्यांचा रकाना नव्हता त्यांचं काय होतंय हे त्याने पाहिलंच नाही.

जन्म १८५० सालचा, आयर्लंडमधल्या केरी काउंटीतला, वडील इंग्रज लष्करी अधिकारी. वूलिचच्या अकादमीत शिकून रॉयल इंजिनिअर्समध्ये गेला, पॅलेस्टाईन आणि सायप्रसची मोजणी केली, नकाशे काढले, अरबी शिकला. पुढे इजिप्तच्या सैन्यात गेला आणि १८९२ ला त्याचा प्रमुख झाला. त्या पदाला 'सिरदार' म्हणायचे, आपला सरदार तोच शब्द, फारसीतून दोन्हीकडे गेलेला, मुलांना हे सांगितलं की एकदम जवळचं वाटतं.

आता सुदान. तिथे १८८५ मध्ये 'महदी' म्हणवणाऱ्या धार्मिक नेत्याच्या अनुयायांनी खार्टूम घेतलं होतं आणि ब्रिटिश अधिकारी जनरल गॉर्डनला मारलं होतं, ब्रिटनमध्ये ती जखम दहा-बारा वर्षं ओलीच होती. १८९६ मध्ये सैन्य परत नाईलच्या काठाने वर निघालं. आणि इथे किचनरने काय केलं तर वादी हाल्फापासून अबू हमदपर्यंत वाळवंटातून थेट रेल्वे टाकली, साधारण ३७० किलोमीटर, १८९७ च्या एका वर्षात. वाटेत गाव नाही, सावली नाही, पाणी विहिरी खणून शोधायचं. लोकांना वाटत होतं हे वेडेपण आहे. पण रेल्वे झाली आणि युद्धाचा निकाल तिथेच लागल्यासारखा झाला, कारण आता तोफा, दारूगोळा, धान्य सगळं रुळावरून येणार होतं. मुलांना मी लढाईआधी हा रुळांचा नकाशा काढायला लावते.

मग २ सप्टेंबर १८९८, खार्टूमजवळच्या ऑमदुर्मानची लढाई. महदीनंतर राज्य चालवणारा त्याचा वारस म्हणजे खलिफा, त्याच्याकडे ५० हजारांच्या आसपास माणसं, बहुतेकांकडे भाले-तलवारी आणि जुन्या बंदुका. किचनरकडे साधारण २५ हजार, पण मॅक्सिम गन म्हणजे मशीनगन, तोफा आणि नदीत गनबोटी. सकाळी सुरू झालेली लढाई दुपारच्या आत संपली. सुदानी बाजूचे १० हजारांहून जास्त मेले. किचनरच्या बाजूचे ५० सुद्धा नाही. हे दोन आकडे मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते आणि काही बोलत नाही, मुलंच बोलायला लागतात.

पण इथे एक गोष्ट सांगायचीच. किचनरच्या त्या २५ हजारांत गोरे एक तृतीयांशच होते, बाकी सैनिक इजिप्शियन आणि सुदानी. आणि खलिफाचं राज्यही काही रामराज्य नव्हतं, गुलामांचा व्यापार होता, मोठा दुष्काळ पडून गेला होता, आणि लढाईच्या आदल्याच वर्षी मेतेम्मा गावात जाली जमातीच्या लोकांची खलिफाच्या सैन्यानेच कत्तल केली होती, त्यामुळे त्या जमातीतले लोक किचनरच्या बाजूला गेले. हे सांगितलं नाही तर मुलांच्या डोक्यात एक सोपा सिनेमा तयार होतो, दुष्ट गोरे विरुद्ध भोळे बिचारे, आणि मग त्यांना खऱ्या माणसांचे निर्णय कधीच कळत नाहीत. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं, १८०३ ला वेलस्ली असईला लढला तेव्हा त्याच्या फौजेत बहुतेक हिंदी शिपाईच होते.

लढाईनंतर जे झालं त्यावर मी जास्त वेळ देते. रणांगणावर पडलेल्या जखमींना मारलं गेलं. महदीची कबर फोडली, हाडं नाईलमध्ये टाकली आणि कवटी वेगळी काढून ठेवली. हे आजच्या चष्म्यातून वाईट दिसतं असं कुणी म्हणेल, म्हणजे 'त्या काळी असंच चालायचं' हे उत्तर, ते वर्गात दरवेळी कुणीतरी देतंच. तर बघा, २३ वर्षांचा विन्स्टन चर्चिल त्या लढाईत घोडदळात होता आणि साम्राज्याचा भक्तच होता, त्याने स्वतः पुढच्या वर्षी जखमींच्या आणि कबरीच्या बाबतीत किचनरवर टीका केली. राणी व्हिक्टोरियाला कबरीचा प्रकार अजिबात आवडला नाही. शेवटी ती कवटी वादी हाल्फाच्या मुस्लिम कब्रस्तानात पुरावी लागली. म्हणजे 'त्या काळी' सुद्धा हे चुकीचं आहे असं म्हणणारे होते, आणि तेही त्याच्याच देशात. मुलांना मी एवढंच सांगते की 'काळ' असं काही म्हणत नसतो, माणसं म्हणतात, तेव्हा कोण काय म्हणालं ते शोधा.

आणि याच माणसाने लगेच गॉर्डनच्या नावाने खार्टूममध्ये कॉलेज काढायला लोकांकडे १ लाख पौंड मागितले आणि ते जमलेही. आज खार्टूम विद्यापीठ आहे त्याचं मूळ त्या कॉलेजात. वर्गात इथे गोंधळ उडतो, मुलं म्हणतात मॅडम मग चांगला होता का तो? मी पुढे जाते.

पुढे म्हणजे दक्षिण आफ्रिका, आणि इथे सावकाश जायला हवं. बोअर म्हणजे डच वंशाचे शेतकरी, त्यांची दोन छोटी गणराज्यं होती, ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट, ट्रान्सवालमध्ये सोनं सापडलं, ऑक्टोबर १८९९ ला ब्रिटनशी युद्ध पेटलं. (याच युद्धात गांधीजींनी ११०० हिंदी लोकांचं रुग्णवाहिका पथक उभं केलं होतं, ब्रिटिशांच्या बाजूने, मन बोअरांकडे असूनही. हा सुद्धा वर्गात चर्चेचा चांगला विषय होतो.) मोठी शहरं १९०० मध्ये पडली, पण बोअर शरण आले नाहीत, घोड्यावरून गनिमी कावा सुरू केला. गनिमी कावा कसा चालतो हे मराठी मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. गावातून भाकरी, गावातून बातमी, गावात लपायला जागा. नोव्हेंबर १९०० मध्ये सेनापतीपद किचनरकडे आलं आणि त्याने हिशेब मांडला, की गाव आणि शेतच काढून घेतलं तर लढणारा जगेल कशावर?

मग शेतं, घरं जाळली, सुमारे ३० हजार घरं. गुरं मारली किंवा हाकून नेली. साधारण ८ हजार छोट्या चौक्या बांधल्या, त्यांना ब्लॉकहाउस म्हणायचे, मध्ये हजारो किलोमीटर काटेरी तार, आणि त्या जाळ्यात सैन्य हाकारे घालत फिरायचं. दर आठवड्याला किती बोअर मारले, पकडले याचा आकडा जायचा आणि त्या आकड्याला इंग्रजीत शिकारीचाच शब्द वापरायचे. घरं जाळल्यावर बायका-मुलं उघड्यावर आली, त्यांना रेल्वेलाइनीजवळच्या तंबूंच्या छावण्यांमध्ये नेऊन ठेवलं. घरं जाळणं आणि छावण्या दोन्हीची सुरुवात किचनरच्या आधीचा सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स याच्या वेळी झाली होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, पण त्याची यंत्रणा केली ती किचनरने.

'कॉन्सन्ट्रेशन कॅम्प' हा शब्द ऐकला की मुलांना हिटलर आठवतो. इथे दोन वाक्यं नीट बोलावी लागतात. नाझींनी मृत्यूच्या छावण्या माणसं मारण्यासाठीच बांधल्या होत्या, किचनरच्या छावण्यांचा तो हेतू नव्हता. पण हेतू नव्हता म्हणून माणसं मेली नाहीत असं होत नाही. जवळपास २८ हजार बोअर तिथे मेले, त्यातली २२ हजारांच्या आसपास १६ वर्षांखालची मुलं. गोवर, टायफॉइड, न्यूमोनिया, हगवण. सुरुवातीला ज्यांच्या घरातला पुरुष अजून लढत होता त्या कुटुंबाला रेशनमध्ये मांस मिळायचं नाही, ज्यांचा शरण आला त्यांना मिळायचं. हा रेशनचा फरक मी मुलांना समजावते आणि एवढंच विचारते, या यादीत शिक्षा कुणाला झालीय?

एमिली हॉबहाउस नावाची एक इंग्लिश बाई, पाद्र्याची मुलगी, जानेवारी १९०१ मध्ये ब्लूमफाँटेनच्या छावणीत गेली. तिने पाहिलं की साबणच दिला जात नाही, साबण म्हणजे चैन असं तिला सांगण्यात आलं! पाणी उकळायला सरपण नाही, एकेका तंबूत माणसं कोंबलेली. ती परत गेली, रिपोर्ट लिहिला, खासदारांना भेटली, आणि जून १९०१ मध्ये विरोधी पक्षाचा नेता कॅम्पबेल-बॅनरमन याने जाहीर भाषणात या युद्धपद्धतीला रानटीपणा म्हटलं. ती पुन्हा केपटाउनला आली तर तिला बोटीवरून उतरूच दिलं नाही, जबरदस्तीने परत पाठवलं. पण सरकारला मिलिसेंट फॉसेटच्या अध्यक्षतेखाली बायकांची एक समिती पाठवावी लागली आणि या समितीनेही बहुतेक तेच सांगितलं. मग छावण्या लष्कराकडून काढून मुलकी अधिकाऱ्यांकडे दिल्या आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. म्हणजे कमी करता येत होते. माझ्या मते अख्ख्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे आहे.

आणि ते सुधारायला कोण आणले होते माहितीये का, भारतात प्लेगच्या काळात छावण्या चालवायचा अनुभव असलेले अधिकारी. १८९७ चा पुण्याचा प्लेग, रँड, घराघरांत घुसून झडत्या, सेग्रिगेशन कॅम्प, चाफेकर बंधू, हे आपल्या मुलांना पाठ असतं. हा धागा दाखवला की त्यांना कळतं की साम्राज्यात माणसांना उचलून कॅम्पात ठेवायची पद्धत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जात होती, फाइलींबरोबर आणि अधिकाऱ्यांबरोबर. उलट दिशेनेही माणसं आली. पकडलेले बोअर सैनिक जहाजांनी सेंट हेलेना, सिलोन, बर्म्युडाला पाठवले आणि ९ हजारांच्या आसपास भारतात, त्यातले बरेच आपल्या अहमदनगरला, काही साताऱ्याला. नगरच्या एखाद्या शिक्षकाने हे आपल्या गावापासूनच शिकवायला सुरुवात करावी असं मला फार वाटतं.

आता त्या रकान्याबद्दल, जो वहीत नव्हता. गोऱ्या बोअरांच्या शेतांवर काळे आफ्रिकन कुटुंबंही राहायची, शेतं जाळली तेव्हा तीही उचलली गेली, त्यांच्यासाठी वेगळ्या छावण्या होत्या, १ लाखाहून जास्त माणसं. त्यांना पोटासाठी काम करावं लागायचं. नोंदलेले मृत्यू १४ हजारांहून अधिक आहेत आणि नोंदीच धड ठेवल्या नाहीत म्हणून अभ्यासक २० हजार किंवा त्याहून जास्त मानतात. हॉबहाउस त्या छावण्यांत स्वतः गेली नव्हती, पण १९१३ मध्ये ब्लूमफाँटेनला बोअर बायका-मुलांचं स्मारक झालं तेव्हाच्या भाषणात तिने काळ्या लोकांचीही आठवण करून दिली. आणि ३१ मे १९०२ चा तह बघा. किचनर तहाच्या वेळी बोअरांशी उदारपणे वागला, शेतं परत उभी करायला पैसे मिळाले, जखम भरायची होती ना. त्याच तहातलं आठवं कलम म्हणतं की काळ्या लोकांच्या मताधिकाराचा प्रश्न स्वराज्य मिळेपर्यंत घ्यायचा नाही. म्हणजे तो प्रश्न गोऱ्यांच्याच हातात दिला. काळ्या लोकांना सगळ्यांच्या बरोबरीने मत मिळायला १९९४ उजाडलं. वर्गात इथे जी शांतता होते ना, ती मी मोडत नाही.

भारताचा भाग मी थोडक्यात घेते कारण मुलांना थोडा माहीत असतो. १९०२ च्या शेवटी किचनर इथला सरसेनापती होऊन आला आणि १९०९ पर्यंत होता. इथेही त्याने नव्याने मांडणी केली. मुंबई इलाख्याच्या पलटणींच्या नंबरात १०० मिळवले, म्हणजे तिसरी होती ती १०३ वी झाली, १०३ मराठा लाइट इन्फन्ट्री हे नाव त्यातून आलं. अधिकाऱ्यांसाठी स्टाफ कॉलेज काढलं ते १९०५ मध्ये कुठे, तर आमच्या देवळालीत! दोन वर्षांनी क्वेट्ट्याला हलवलं. देवळालीला राहणारी मुलं माझ्या वर्गात असतात, त्यांनाही हे माहीत नसतं. आणि तो वाद. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात लष्करी खात्याचा वेगळा सदस्य असायचा, सरसेनापतीच्या मागण्यांवर तो मत द्यायचा. किचनरला हा मधला माणूस नको होता. कर्झन म्हणाला की मग लष्करावर मुलकी सरकारचा लगाम राहणार नाही. लंडनने किचनरकडे झुकतं माप दिलं आणि ऑगस्ट १९०५ मध्ये कर्झनने राजीनामा दिला. आमच्या मुलांना वाटतं कर्झन बंगालच्या फाळणीमुळे गेला, तर तसं नाही, फाळणी अमलात आली ऑक्टोबरात. लष्कराला प्रश्न विचारणारा कुणी हवा का नको, हा आजही नागरिकशास्त्राचाच प्रश्न आहे, त्यामुळे हा वाद मी त्या तासाला जोडते.

राहिलं पोस्टर. ऑगस्ट १९१४ मध्ये त्याला युद्धमंत्री केलं. बाकीचे म्हणत होते नाताळपर्यंत युद्ध संपेल, हा म्हणाला वर्षानुवर्षं चालेल आणि लाखोंचं सैन्य लागेल. त्याचा हिशेब बरोबर निघाला. चित्र आल्फ्रेड लीटचं, सप्टेंबर १९१४ मध्ये एका मासिकाच्या मुखपृष्ठावर आलं. त्या काळी ते भिंतींवर किती लागलं होतं यावर अभ्यासकांत वाद आहे, ते एवढं प्रसिद्ध झालं ते बहुधा नंतर. पण १९१६ मध्ये सक्तीची भरती लागू होईपर्यंत सुमारे २५ लाख माणसं स्वतःहून भरती झाली हे खरं. एका गावातली, एका कारखान्यातली पोरं एकत्र घ्यायचे, म्हणून १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईत पहिल्याच दिवशी १९ हजारांहून जास्त ब्रिटिश सैनिक मेले तेव्हा काही गल्ल्यांत घरटी मृत्यूची बातमी आली. लीड्सचीही अशी पलटण होती. बहिणीच्या नातीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, शाळेजवळच्या स्मारकावर नावं आहेत, मी कधी वाचली नाहीत.

किचनरने तो दिवस पाहिला नाही. ५ जून १९१६ ला रशियाला निघालेली हॅम्पशायर ही युद्धनौका ऑर्कनी बेटांजवळ जर्मन सुरुंगावर आदळली, त्याच्यासकट ७०० हून जास्त माणसं बुडाली, १२ वाचली. त्याच वर्षी कॅनडातल्या बर्लिन नावाच्या गावाने आपलं नाव बदलून किचनर ठेवलं, आजही तेच आहे. आणि खार्टूममधला त्याचा घोड्यावरचा पुतळा सुदान स्वतंत्र झाल्यावर काढला, तो आता इंग्लंडमध्ये चॅटमला लष्करी इंजिनिअरांच्या शाळेत आहे. पुतळा काढावा का ठेवावा ही चर्चा मी मुद्दाम सगळ्यात शेवटी घेते, कारण ती आधी घेतली की मुलं दोन गट करून भांडतात आणि साबणाची गोष्ट कुणीच ऐकत नाही.

एवढं सगळं करायला माझे चार तास जातात आणि बोर्डाच्या अभ्यासक्रमात तेवढा वेळ कुणालाच नसतो हे मला माहितीये. एकच तास मिळाला तर सुदान सोडा, पोस्टरही सोडा. रेशनचा फरक सांगा आणि तहाचं आठवं कलम वाचा, मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. आणि परीक्षेत 'किचनर थोर होता की क्रूर, चर्चा करा' असा प्रश्न घालू नका. मी प्रश्न असा घालते: छावण्यांतले मृत्यू कमी करता येत होते हे कशावरून कळतं आणि ते आधी कमी का झाले नाहीत? बहिणीच्या नातीने तिचं पान याच प्रश्नावर लिहिलं. दीड पान झालं, तिने अर्धं खोडून एका पानात बसवलं.